विरजण

अन्सबला उन्हाळ्यात रात्रपाळीच बरी,
सेहेचाळीसचे छत्तीस तरी होतात.
टाक्यांवरचा ब्लोअर घोरत असतो.
वास पहिले दोन महिने येतो,
नंतर आपल्याला येत नाही,
आपला इतरांना येतो.

मी जयसिंगपूरची. इथे पाण्याचा हिशेब ठेवते:
अर्ध्या मस्कतने रात्रीतून जे सोडून दिलं
त्यात अमोनिया किती आला, किती उरला.
आई विचारते, काम कसलं गं?
लॅबमध्ये आहे म्हणते.
तेवढ्यावर ती गल्लीभर मिरवते.

खरं काम करणारे वेगळेच.
एक बिऱ्हाड अमोनिया खातं
आणि त्याचं नायट्राइट दारात ठेवतं.
दुसरं बिऱ्हाड ते उचलतं, नायट्रेट करतं.
ओळख ना पाळख,
एकाचं उष्टं, दुसऱ्याचं ताट.
बाकीचे जंतू तासाभरात दसपट होतील,
यांना एकाचे दोन व्हायला
अख्खा दिवस लागतो, कधी दोन.
हवा भरपूर लागते, पाणी आंबट चालत नाही.
मानी माणसांसारखं,
घाई केली की काहीच करत नाहीत.

मे महिन्यात कुठल्याशा लेबर कॅम्पात साथ आली.
कुणीतरी पिंपंच्या पिंपं ब्लीच ओतलं.
गुल रहीमला ते कुणी सांगितलं नव्हतं.
त्याने नेहमीसारखा टँकर लावला,
मागे त्याच कॅम्पचे आणखी दहा.

सकाळी नळीतला रंग पिवळा.
दुपारी हळदीचा.
संध्याकाळी मी तळ्याची झडप बंद करायला लावली,
तरी तोवर कडेचे मासे
वर येऊन तोंडं उघडत होते.
थुरैया मॅडम आल्या, नळी दिव्याकडे धरली.
मेले?
मेले.
सगळे?
मी उत्तर दिलं नाही.

मग म्हटलं, मॅडम, आमच्याकडे दही बिघडलं
की शेजारून वाटीभर विरजण आणतात.
त्या हसल्या. त्यांच्या आजीकडेही तसंच होतं,
फक्त वाटी नाही, बुधला.

विरजण सोहारच्या प्लांटमधून आणायचं ठरलं.
दोनशे किलोमीटर.
गुल रहीम म्हणाला, मीच जातो.
त्यांचा श्वास कोंडू नये म्हणून
त्याने टाकीचं झाकण उघडं ठेवलं
आणि सगळा बातिना किनारा नाक दाबून बसला.
वाटेत चहालासुद्धा थांबला नाही.

मग वाट बघणं.
दही लागतंय का म्हणून
दर तासाला भांडं हलवणारी मी,
आई असती तर हातावर मारलं असतं.
नवव्या रात्री दुसऱ्या नळीत गुलाबी रंग आला.
शिपाई टाळ्या वाजवायला लागला.
मी म्हटलं थांब,
हा नायट्राइटचा गुलाबी. हेही विषच.
पहिलं बिऱ्हाड आलंय फक्त.
दुसरं अजून वाटेत.

तेराव्या रात्री आणखी गडद.
सतरावी.
विसाव्या रात्री वाटलं फिकट झालाय,
पण दिव्याचा भरवसा नव्हता.
तेविसाव्या रात्री नळी नुसत्या पाण्यासारखी.
मी ती धुतली नाही लगेच.

झडप उघडली.
रोहित पक्षी येतील तेव्हा येतील,
थंडीत येतात ते.
गुल रहीम टँकर लावून तळ्याकाठी बसला होता.
गाळातून एक बुडबुडा वर आला, फुटला.
मासा? त्याने विचारलं.
नाही. तळाशी हवा न लागणारे तिसरे असतात.
ते नायट्रेट मोडून नायट्रोजन सोडून देतात.
कुठे?
आभाळात.
आणि पुढे?
मी सांगितलं, आमच्याकडे भुईमुगाच्या मुळांना
मोहरीएवढ्या गाठी असतात,
त्या पकडतात त्याला, जमिनीत आणतात परत.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
किती वर्षं लागतात? म्हणाला.
सात वर्षं झाली, तो स्वातला गेला नव्हता.

मला माहीत नव्हतं.
तीन वाजून दहा झाले होते,
नमुना घ्यायचा राहिला होता.